गिअरबॉक्स कुठे बसवायचा? प्रिमुला ते फियाट १२८ : एक प्रकरण अभ्यास

आजच्या बहुतेक लहान गाड्यांचं बॉनेट उघडलं की साधारण एकच मांडणी दिसते. इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत बसवलेलं. त्याच्या एका टोकाला क्लच आणि त्याला लागून गिअरबॉक्स. मागच्या अंगाने पुढच्या चाकांकडे गेलेले दोन ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकांना ताकद पोचवणारे दांडे, त्यातला एक आखूड आणि एक लांब. तोंडाशी रेडिएटर आणि त्याला विजेवर चालणारा पंखा. याहून वेगळं काही असू शकतं हेच आपल्याला आता सुचत नाही.

या मांडणीचं श्रेय अनेकदा ब्रिटिश मिनीला दिलं जातं. ते अर्धंच बरोबर आहे. मिनीने १९५९ मध्ये चार सिलिंडरचं इंजिन आडवं बसवून दाखवलं, पण तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, ऑइल चेंबरमध्ये होता. तो तिथून काढून इंजिनाच्या टोकाला नेण्याचं काम इटलीत झालं, फियाटच्या अभियंत्यांच्या हातून. ते पहिल्यांदा बाजारात आलं मात्र फियाटच्या नावाने नाही, तर ऑटोबियांकी या भागीदारीतल्या कंपनीच्या प्रिमुला या गाडीत. हे असं का झालं, कोणते निर्णय कधी घेतले गेले आणि त्यांची किंमत काय पडली, हे या प्रकरणात पाहू.

पार्श्वभूमी

१९६० च्या सुमारास फियाटची लहान गाडी म्हणजे मागे इंजिन असलेली गाडी, हे समीकरण पक्कं होतं. १९५५ ची ६०० आणि १९५७ ची नवी ५०० या दोन्ही गाड्यांनी इटलीला चारचाकीवर बसवलं होतं आणि दोन्हींमागे एकच माणूस होता, फियाटचे अभियंता दान्ते जाकोसा. युद्धापूर्वीची १९३६ ची तोपोलिनोही त्यांचीच.

मागचं इंजिन ही काही चुकीची निवड नव्हती. इंजिन, गिअरबॉक्स आणि चालणारी चाकं एकाच ठिकाणी आली की पुढच्या इंजिनाची ताकद मागच्या चाकांना नेणारा मधला लांब प्रोपेलर शाफ्ट वाचतो, गाडीच्या तळातला बोगदा वाचतो, वजन आणि पैसा वाचतो. शिवाय मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या शाफ्टना साधे, स्वस्त जॉइंट पुरतात. पण गाडी थोडी मोठी करायला गेलं की याच मांडणीच्या मर्यादा टोचायला लागतात. मागे वजन जास्त झाल्याने आडव्या वाऱ्यात गाडी भरकटते, वळणावर मागचा भाग बाहेर जाऊ पाहतो, आणि सामानाला उरते ती पुढच्या चाकांमधली, पेट्रोलच्या टाकीशेजारची अडचणीची जागा. मागचं दार उघडून सामान टाकायचं तर तिथे इंजिन बसलेलं.

यावरचा उपाय जाकोसा यांना माहीत होता. इंजिन पुढे आणि चाकंही पुढचीच फिरवायची. जर्मनीत डीकेडब्ल्यूने १९३१ मध्ये आडवं इंजिन आणि पुढची चाकं चालवणारी छोटी गाडी विकायला सुरुवात केली होती. सित्रोएनची ट्रॅक्शन अव्हाँ १९३४ ची. स्वीडनची साब ९२ १९४९ ची. खुद्द ट्युरिनमध्ये लान्चियाने १९६० मध्ये फ्लाव्हिया आणली, पुढची चाकं चालवणारी.

फियाटमध्ये मात्र या विषयावर एक जुनी सावली होती. १९३१ मध्ये ओरेस्ते लार्दोने या अभियंत्याने अशी एक छोटी गाडी प्रयोगासाठी तयार केली होती. कंपनीचे संस्थापक जोव्हान्नी आन्येल्ली स्वतः त्या गाडीत बसले असताना तिने पेट घेतला. लार्दोनेंची नोकरी गेली आणि पुढच्या चाकांची कल्पनाही कंपनीतून हद्दपार झाली, अशी हकीकत सांगितली जाते. आगीचा आणि कोणती चाकं फिरतात याचा काडीचा संबंध नसतो, हे तिथल्या प्रत्येक अभियंत्याला कळत असणार. पण मोठ्या कंपन्यांमध्ये एखादी कल्पना नाकारली जाते तेव्हा तिच्यासोबत कारण नोंदवलं जातंच असं नाही. नकार तेवढा लक्षात राहतो.

अडचण नेमकी कुठे होती

पुढची चाकं फिरवण्यात दोन कोडी असतात. पहिलं जॉइंटचं. पुढचं चाक वर-खाली होतं, शिवाय डावी-उजवीकडे वळतं, आणि हे सगळं चालू असताना त्याला ताकद पोचवायची असते. साधा क्रॉसचा जॉइंट, प्रोपेलर शाफ्टवर असतो तो, वाकलेल्या अवस्थेत समान गतीने फिरत नाही. एका बाजूचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन लहान असला तर चालून जातं. चाक पूर्ण वळवल्यावर हा धक्का थेट स्टिअरिंगमध्ये हाताला लागतो.

यावर आल्फ्रेड झेप्पा या अभियंत्याने १९२० च्या दशकात गोळ्यांचा जॉइंट शोधला होता. आतल्या आणि बाहेरच्या वाटीत वक्र खाचा, त्यांत सहा पोलादी गोळ्या, आणि त्या गोळ्या नेहमी दोन शाफ्टमधल्या कोनाच्या बरोबर मध्यावरच्या पातळीत राहतील अशी रचना. मग शाफ्ट कितीही वाकला तरी गती समान राहते. आपण ज्याला सीव्ही जॉइंट म्हणतो तो हाच. मिनीसाठी ब्रिटनमध्ये तो मोठ्या संख्येने बनू लागला आणि १९६० पर्यंत हे कोडं बरंचसं सुटलेलं होतं. महाग होतं, पण सुटलेलं होतं.

दुसरं कोडं रुंदीचं, आणि या प्रकरणाचा जीव त्यात आहे. डीकेडब्ल्यू किंवा साबचं इंजिन दोन सिलिंडरचं, दोन स्ट्रोकचं. ते आखूड असतं, आडवं टाकलं तरी शेजारी गिअरबॉक्सला जागा उरते. चार सिलिंडरचं पाण्याने थंड होणारं इंजिन आडवं टाकलं की हिशेब घट्ट होतो. सुमारे १५८ सेंटिमीटर रुंद गाडी घ्या. प्रत्येक बाजूला चाकाची जाडी, चाक वळायला लागणारी मोकळी जागा आणि पत्रा यांत ढोबळमानाने तीस-पस्तीस सेंटिमीटर जातात. मधे उरतात जेमतेम नव्वद. त्यात पुलीपासून फ्लायव्हीलपर्यंत इंजिन, मग क्लच, मग चार गिअरचा गिअरबॉक्स. शेवटचे दोन-चार सेंटिमीटर कुठून आणायचे, यावर सगळं अडतं.

समोर असलेले पर्याय

मागचं इंजिन चालू ठेवणं हा पहिला पर्याय. कंपनीच्या व्यवस्थापनाच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक. कारखान्यातली यंत्रं त्यासाठीच बसवलेली, मेकॅनिकना तीच माहीत, गिऱ्हाइकाला तीच आवडलेली. आणि प्रत्यक्षात फियाटने हा पर्याय सोडलाही नाही. १९६४ मध्ये ८५० आली, मागच्याच इंजिनाची.

दुसरा पर्याय इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत ठेवून पुढची चाकं चालवण्याचा. सित्रोएन, लान्चिया आणि १९६१ ची रेनॉ ४ या वाटेने गेल्या होत्या. यात दोन्ही ड्राइव्हशाफ्ट समान लांबीचे राहतात, रुंदीचा प्रश्नच येत नाही. मात्र लांबी खर्च होते. इंजिन चाकांच्या पुढे ठेवलं तर नाक लांब आणि जड होतं, मागे ठेवलं तर ते बसणाऱ्यांच्या पायांशी येतं. लान्चियाने त्यासाठी सपाट, समोरासमोर सिलिंडरचं आखूड इंजिन वापरलं. ते महागड्या गाडीला परवडतं.

तिसरा पर्याय मिनीचा. इथे जरा थांबायला हवं, कारण जाकोसा यांनी जे केलं ते मिनीकडे बघूनच केलं, आणि तिच्या विरुद्ध जाऊन केलं.

१९५६ च्या सुएझ संकटात ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी १९५७ च्या मार्चमध्ये अॅलेक इसिगोनिस यांना छोटी पण खरीखुरी गाडी करायला सांगितली. अट एकच, इंजिन कारखान्यात तयार होत असलेलंच वापरायचं. इसिगोनिस यांनी लांबी ठरवली दहा फूट. चौघांना बसवून एवढ्या लांबीत इंजिन उभं मावणं शक्य नव्हतं, म्हणून ते आडवं झालं. याआधी मॉरिस मायनरवर त्यांनी आडव्या इंजिनाचा प्रयोग केला होता, आणि त्यात गिअरबॉक्स टोकालाच होता. पण मिनी १४१ सेंटिमीटर रुंद. तिच्यात ते जमेना. मग गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात गेला आणि दोघांनी एकच तेल वापरायचं ठरलं.

जागेच्या हिशेबाने ही करामतच होती. गाडीच्या तळाचा जवळजवळ ८० टक्के भाग माणसांना आणि सामानाला मिळाला. पण प्रत्येक सेंटिमीटरची वसुली कुठून तरी झाली. गिअरचे दात तेलातल्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात, त्यामुळे इंजिनाचं तेल लवकर पातळ पडतं. गिअरची झीज होऊन सुटलेला धातूचा कीस त्याच तेलातून फिरतो. इंजिनाची ताकद खालच्या गिअरबॉक्सला पोचवायला मधे आणखी गिअर लागतात आणि ते आवाज करतात. गिअरबॉक्सचं काम काढलं की अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं. पंखा पट्ट्यावर चालणारा, म्हणून रेडिएटर इंजिनाच्या पुलीसमोर, गाडीच्या कुशीत बसवावा लागला, आणि तो गरम हवा चाकाच्या पोकळीत ढकलू लागला. विकासाच्या ओघात इंजिन उलटं फिरवून बसवलं गेलं तेव्हा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग, पुढच्या जाळीच्या मागे आला आणि सुरुवातीच्या गाड्या पावसात बंद पडू लागल्या.

चौथा पर्याय : गिअरबॉक्स इंजिनाच्या टोकालाच, वेगळ्या खोक्यात, वेगळ्या तेलात. कागदावर सर्वांत साधा. रुंदी मिळाली तर सर्वांत स्वस्त आणि दुरुस्तीलाही सोपा. पण डिफरन्शिअल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरांचा संच, गाडीच्या मधोमध येत नाही, गिअरबॉक्सच्या बाजूला सरकतो. म्हणजे एक शाफ्ट आखूड, दुसरा लांब. त्यातून काय काय उद्भवेल, हे चार सिलिंडरच्या गाडीवर मोठ्या संख्येने कुणी तपासलेलं नव्हतं.

पहिला निर्णय : टोकाला

जाकोसा यांनी चौथा पर्याय धरला. माझ्या मते यात धाडसापेक्षा हिशेब जास्त होता. फियाटला दहा फुटांची गाडी नको होती. गाडी पावणेचार मीटर लांब आणि १५८ सेंटिमीटर रुंद करायची मुभा असेल, तर मिनीने ज्या सक्तीपोटी गिअरबॉक्स पोटात घातला ती सक्तीच उरत नाही. इसिगोनिस यांचं उत्तर त्यांच्या प्रश्नाला अचूक होतं. फियाटचा प्रश्नच निराळा होता. पुढची अनेक वर्षं इतर कंपन्यांनी मोठ्या गाड्यांतही मिनीचं उत्तर जसंच्या तसं उतरवलं, त्यांनी ही तपासणी केली असती तर बरं झालं असतं.

तरी ते दोन-चार सेंटिमीटर कमी पडतच होते. त्यातला एक हिस्सा क्लचपाशी सापडला. नेहमीच्या रचनेत क्लच सोडवायला इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे फोर्क आणि बेअरिंग बसवतात, आणि ते इंजिनाच्या अक्षाच्या दिशेनेच जागा खातात. आडव्या मांडणीत ती जागा म्हणजे गाडीची रुंदी. इथे हायड्रॉलिक दाबाने क्लच सोडवणारी वेगळी, आटोपशीर यंत्रणा करण्यात आली. डिफरन्शिअल गिअरबॉक्सच्या रांगेत न ठेवता त्याच्या मागे, क्लचच्या बाजूला जितका सरकवता येईल तितका सरकवला. त्यामुळे शाफ्टच्या लांबीतला फरकही थोडा आटोक्यात आला.

दुसरा निर्णय : कुणाच्या नावाने?

हा निर्णय यंत्राचा नव्हता, पण सगळ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाचा मला हाच वाटतो.

ऑटोबियांकी ही कंपनी १९५५ मध्ये बियांकी, पिरेली आणि फियाट यांनी मिळून काढलेली. मिलानजवळच्या देझिओ इथे तिचा कारखाना. फियाटच्याच भागांवर थोड्या निराळ्या, थोड्या नटव्या गाड्या बनवणं हे तिचं काम. नवी गाडी फियाटच्या नावाने आणली आणि तिचे शाफ्ट किंवा जॉइंट वर्षभरात तुटू लागले, तर लाखोंच्या खपाला आणि नावाला धक्का. ऑटोबियांकीच्या नावाने आणली तर खप लहान, गिऱ्हाइक थोडं हौशी, आणि नुकसान झालंच तर सोसण्याइतकं. व्यवस्थापनाचा जुना नकारही यात शाबूत राहत होता. फियाटने पुढची चाकं चालवणारी गाडी आणली, असं अजूनही कुणाला म्हणता येणार नव्हतं.

१९६४ मध्ये ऑटोबियांकी प्रिमुला बाजारात आली. फियाटची मागच्या इंजिनाची ८५० त्याच वर्षीची. एकाच तांत्रिक विभागाने एकाच वर्षी दोन परस्परविरोधी उत्तरं विकायला ठेवली.

याच निर्णयाचा एक पोटनिर्णय इंजिनाचा. प्रिमुलाला नवीन इंजिन दिलं नाही. फियाट ११०० डी मधलं १२२१ सीसीचं, सगळ्यांना ठाऊक असलेलं इंजिन घेऊन ते आडवं टाकलं. काही बिघडलं तर ते मांडणीत बिघडलं, इंजिनात नाही, हे शोधायला मग वेळ लागत नाही.

रस्त्यावर काय शिकायला मिळालं

असमान शाफ्टचा त्रास अपेक्षेप्रमाणे आला. जोरात वेग घेतला की गाडी एका बाजूला ओढली जाते, टायर असमान झिजतात. कारण समजून घ्यायला एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शाफ्ट पोलादाचा असला तरी ताकद लागल्यावर तो किंचित पिळला जातो. एकाच जाडीचे दोन शाफ्ट असतील तर लांब असलेला जास्त पिळला जातो. अॅक्सिलरेटर दाबल्याच्या पहिल्या क्षणी आखूड शाफ्टचं चाक आधी ओढायला लागतं, लांब शाफ्टचं किंचित मागून. पुढची चाकं वळणारी असल्यामुळे हा क्षणाचा फरक स्टिअरिंगला हिसका देतो.

उपाय म्हणून लांब शाफ्ट जाड करावा, तर तो जड होतो. इथे गणित मदतीला आलं. शाफ्टचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या प्रमाणात कमी होतो. लांबी दुप्पट असली तरी व्यास सुमारे १९ टक्के वाढवला की पीळ बरोबरीला येतो. आणि पिळाचा भार बाहेरच्या थरावरच जास्त असतो, मधलं पोलाद फुकट वजन वाहतं. म्हणून आखूड शाफ्ट भरीव ठेवला आणि लांब शाफ्ट मोठ्या व्यासाचा पण पोकळ केला. दोन्ही सारखेच पिळले जाऊ लागले आणि ओढ बरीच कमी झाली.

पूर्ण गेली नाही. दोन शाफ्टचे कोन वेगळे असतात आणि वेग घेताना नाक उचललं की ते आणखी वेगळे होतात, त्यामुळे जॉइंटमधून स्टिअरिंगवर येणारा जोरही दोन्हीकडे सारखा राहत नाही. पन्नास-साठ अश्वशक्तीच्या गाडीत हे चालून गेलं. पुढच्या दशकांत इंजिनं दमदार झाली तेव्हा लांब बाजूला मधे आधाराचं बेअरिंग आणि एक जादा शाफ्ट घालून दोन्ही हलणारे शाफ्ट समान लांबीचे करण्याची रीत आली.

थंडाव्याचा प्रश्न तुलनेने पटकन सुटला. पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरून सोडवून विजेवर चालवला की रेडिएटर कुठेही ठेवता येतो, म्हणून तो गाडीच्या तोंडाशी, ताज्या हवेत गेला. मिनीच्या कुशीतल्या रेडिएटरपुढे हे इतकं साधं वाटतं की आधी का सुचलं नाही असं वाटावं.

प्रिमुलाला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि काही प्रकारांत छतापासून उघडणारं मागचं दारही होतं. १९६५ च्या युरोपियन कार ऑफ द इयर स्पर्धेत ती दुसरी आली. पहिली आली ऑस्टिन १८००, म्हणजे इसिगोनिस यांचीच, गिअरबॉक्स पोटात असलेली मोठी गाडी. परीक्षकांना त्या वर्षी भविष्य कुठल्या बाजूने येतंय हे कळलं नाही असं आज म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्ष गाडी चालवून बघणाऱ्याला गिअरबॉक्स कुठे आहे हे कशाला दिसतंय?

१९७० पर्यंत सुमारे ७५ हजार प्रिमुला बनल्या. फियाटच्या मानाने किरकोळ आकडा, पण काही वर्षं रोजच्या रस्त्यावर आणि अनोळखी मेकॅनिकच्या हातात गाडी तपासून घ्यायला पुरेसा. मधल्या काळात तिला फियाट १२४ ची इंजिनंही बसवली गेली. मांडणी एका इंजिनापुरती नाही, हेही त्यातून दिसलं.

तिसरा निर्णय आणि निकाल

१९६९ मध्ये फियाट १२८ आली. आता मांडणी पडताळलेली होती, म्हणून नवीन जोखीम इंजिनावर घेता आली. पूर्वी फेरारीत काम केलेल्या औरेलियो लाम्प्रेदी यांनी १११६ सीसीचं नवं इंजिन केलं. बीडाचा ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड, वर व्हॉल्व्ह उघडणारा एक कॅमशाफ्ट आणि तो फिरवायला दातेरी पट्टा. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) अवघा ५५.५. आडव्या इंजिनात बोअर मोठं ठेवणं म्हणजे इंजिनाची लांबी, पर्यायाने गाडीची रुंदी खर्च करणं. रुंदीचा हिशेब आता हातात असल्याशिवाय कुणी ही चैन केली नसती.

पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब, घेतल्याने वरचे आडवे आर्म गेले आणि इंजिनाला दोन्ही अंगांना आणखी जागा मिळाली. मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आडव्या पाट्याच्या स्प्रिंगवर. १९७० चा कार ऑफ द इयर किताब १२८ ला मिळाला. १९७१ मध्ये तीच मांडणी लहान १२७ मध्ये उतरली.

फोक्सवॅगनची पहिली गोल्फ इटालियन डिझायनर जॉर्जेत्तो जुजारो यांनी रेखाटली. आपण वुल्फ्सबर्गला, फोक्सवॅगनच्या मुख्यालयात गेलो तेव्हा तिथे अभ्यासासाठी सुटी केलेली फियाट १२८ पाहिली, असं त्यांनी सांगितलेलं आहे. १९७४ ची गोल्फ आडव्या इंजिनाची, टोकाला गिअरबॉक्स असलेली निघाली, यात मग नवल नाही.

मिनीच्या वाटेने गेलेल्यांचं काय झालं हेही बघण्यासारखं आहे. प्यूजोने १९६५ ची २०४ आणि १९७२ ची १०४ इंजिनाखाली गिअरबॉक्स ठेवून काढल्या. १९८३ च्या २०५ मध्ये काही इंजिनांना जुनी रचना आणि काहींना टोकाचा गिअरबॉक्स अशा दोन्ही एकाच गाडीत नांदल्या, आणि पुढे टोकाचाच राहिला. ब्रिटिश बाजूने मॅक्सी, अॅलेग्रो आणि १९८० ची मेट्रो या सगळ्या गिअरबॉक्स पोटात घेऊनच निघाल्या. १९८३ च्या मेस्ट्रोत तो अखेर टोकाला गेला. त्यासाठी घेतलेला गिअरबॉक्स फोक्सवॅगनचा होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला प्रश्न वेळेचा. प्रिमुला ते १२८ यांत पाच वर्षं गेली. शाफ्टचे आणि क्लचचे प्रश्न पहिल्या दोन-तीन वर्षांत बरेचसे कळले असावेत, असा अंदाज करायला जागा आहे. मग १२८ दोन वर्षं आधी का आली नाही? एक कारण भांडवलाचं. ८५० साठी नुकताच पैसा ओतला होता आणि तो वसूल व्हायला हवा होता. ८५० चं काम सुरू होण्याआधीच प्रिमुलाचा नमुना रस्त्यावर आला असता, तर कदाचित मागच्या इंजिनाची ही नवी पिढी निघालीच नसती. जोखीम वाटून घेण्याची युक्ती बरोबर होती, ती सुरू उशिरा झाली. ज्या जुन्या नकाराला कारण नव्हतं, त्याची खरी किंमत ही.

दुसरा प्रश्न दुय्यम नावाखाली प्रयोग करण्याचा. त्याची एक बाजू अशी की मूळ कंपनीला धक्का बसत नाही. दुसरी बाजू ऑटोबियांकीची गाडी घेणाऱ्याची. सीव्ही जॉइंटचा खर्च आणि असमान झिजणारे टायर त्याच्या खिशातून गेले आणि त्यावर शिकलेला धडा फियाटच्या गिऱ्हाइकाला मिळाला. आज एखाद्या कंपनीने असं केलं तर या पहिल्या गिऱ्हाइकांना जॉइंटवर जास्त मुदतीची हमी द्यावी. त्याच्या बदल्यात झिजलेले भाग परत मागवून तपासता येतात, म्हणजे कंपनीलाही ते महाग पडत नाही.

तिसरा मुद्दा मागच्या दाराचा, आणि मला तो सर्वांत जास्त खटकतो. मागचं इंजिन सोडल्याचा एक मोठा फायदा म्हणजे मागून आत-बाहेर करायला मोकळी झालेली जागा. प्रिमुलात छतापासून उघडणारं दार होतं, म्हणजे हा फायदा फियाटच्या हातात १९६४ मध्येच आलेला होता. तरी १२८ निघाली पारंपरिक डिकीची. फियाटचं गिऱ्हाइक डिकीवाली गाडीच मागतं, दार उघडणारी म्हणजे मालवाहू, असा विचार झाला असावा. १२७ सुद्धा १९७१ मध्ये डिकीसह आली आणि दार उघडणारी १२७ पुढच्या वर्षी. १२८ च्या यंत्रावर मागून उघडणारी पाच दारांची गाडी आधी युगोस्लाव्हियातल्या झास्तावाने केली, १९७१ ची झास्तावा १०१. तिच्या वारसदार गाड्या तिथे २००८ पर्यंत बनत राहिल्या. पश्चिम युरोपात ते दार आणि ती मांडणी एकत्र असलेल्या गाड्यांमध्ये नाव झालं ते गोल्फचं, आणि या वर्गातल्या गाड्यांना लोक आजही तिच्याच नावाने मोजतात.